गळ नसलेलं आमिष

सकाळी बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन सावित्री माझ्या खानावळीच्या मागच्या दारात आली आणि पाटी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, ‘‘गजाभाव, मोतीदा गेलो.’’ मी कांदा चिरत होतो. सुरी थांबली नाही. ‘‘कोणी सांगल्यान?’’ मी विचारलं. ‘‘वाडयेत रडतत.’’ ‘‘कोण रडतत? तू बघलंस, काय आयकलंस?’’ सावित्रीने माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेने तिच्या पाटीतले बांगडे शिजले असते. ‘‘आयकलंय,’’ ती म्हणाली. ‘‘मगे आधी बांगडे दाखय. मेल्याची खात्री मागसून करूया.’’ ...तुम्हाला हे निर्दयपणाचं वाटेल. पण मोतीदाला जे ओळखत होते त्यांना कळेल, की त्याच्या मरणाला यापेक्षा मोठी मानवंदना नव्हती. आमच्या अख्ख्या वाडीत बातमीवर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवायचा नाही, ही शिकवण त्याचीच. मी गेलो, तेव्हा तो पडवीत निजवलेला होता. शपथेवर सांगतो, बराच वेळ मी त्याच्या डाव्या डोळ्याकडे बघत उभा होतो. मला वाटत होतं, हा आता पापणी किंचित उचलून कोण कोण आलंय आणि कोण किती खरं रडतंय ते तपासणार. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. मोतीदा असता तर त्याने डॉक्टरांना विचारलं असतं, तुमी त्या वेळी थंय होतास?

त्याला आता दोन महिने होत आले. लोक लिहिताना गेलेल्या माणसाला सद्गुणांचा हार घालतात. मोतीदाला तो घातला असता, तर त्याने आधी फुलं हुंगून ती ताजी आहेत का ते पाहिलं असतं. म्हणून मी त्याचा एकच गुण सांगतो, संशय. मोतीराम हा आमच्या मालवणजवळच्या वाडीतला, माझ्या शेजारचा, माझ्यापेक्षा थोडा मोठा. उमेदीची सगळी वर्षं मोठ्या मालवाहू बोटींवर बटलर म्हणून फिरला आणि जगातल्या प्रत्येक बंदरावर फसवून घेऊन परत आला. एका बंदरात त्याला सोन्याचं म्हणून विकलेलं घड्याळ बोट सुटेपर्यंत हिरवं झालं होतं, दुसऱ्या बंदरात त्याने घेतलेला पोपट दोन दिवसांनी पावसात भिजला आणि चिमणी झाला. हे त्यानेच सांगितलेलं, माझ्या पदरचं एक पीसही नाही. तेव्हापासून तो सुरमई घ्यायचा तर एका बाजूचा कल्ला उघडून बघायचा आणि मग म्हणायचा, ‘‘आता परत, दुसऱ्या बाजूचो.’’ एसटीत चढला की कंडक्टरला विचारायचा गाडी कुडाळला जाते का, मग ड्रायव्हरला विचारायचा, मग शेजारच्याला, आणि तिघांनीही हो म्हटलं की त्याचा संशय आणखी बळावायचा. तिघे एकच सांगतात म्हणजे आधी ठरवलेलं असणार!

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर आला तोही संशयापायीच. त्याची देवगडच्या बाजूला मिठबावात हापूसची थोडी कलमं होती. दलाल वाशीचा भाव सांगायचा तो मोतीदाला कधी पटला नाही. भाव आपल्या डोळ्यांनी बघायचा म्हणून त्याने कुडाळहून एक जुनं मशीन आणलं, टेलिफोनवाल्यांकडून नेट घेतलं, आणि मी त्याला ईमेलचा पत्ता काढून दिला. मशीन विकणाऱ्याने आत जी सिस्टिम घातली होती ती अर्थातच कुठून तरी उतरवलेली. काही दिवसांत पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजी पाटी यायला लागली, की तुमची प्रत अस्सल नाही. मोतीदाला मी अर्थ सांगितला आणि पस्तावलो. तो उभा राहिला. लुंगी खोचली. ‘‘माझ्या घरात बसान, माझो करंट खावन, माकाच चोर म्हणता?’’ पुढे त्या मशीनला व्हायरस लागला. आंब्याचा भाव उघडायला घेतला की भलत्याच बायकांची चित्रं यायची आणि त्याची बायको, सुलोचनावैनी, पदराने पडदा झाकायच्या. मशीन इतकं संथ झालं, की भाव उघडेपर्यंत आंबा पिकून जाई. मोतीदाने त्यावर जाड टॉवेल टाकला आणि तो विषय बंद केला.

आता मुलाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं होतं. मोतीदाचा एकुलता विनय पुण्यात कॉम्प्युटरच्या कामात. त्या काळात आमच्या किनाऱ्यावर मोठमोठ्या गाड्या फिरायच्या. काचा वर, आतले लोक थंड, समुद्र दिसेल ती जमीन मागायचे. अशी एक गाडी मोतीदाच्या दारात थांबून गेली आणि नेमका दुसऱ्या दिवशी विनयचा फोन आला. बोलता बोलता त्याने विचारलं, ‘‘बाबा, आपल्या किनाऱ्याकडच्या जागेचा पुढे काय करूचा?’’ झालं! मोतीदाच्या डोक्यात गाडी आणि फोन यांचा साखरपुडा झाला, लग्नही लागलं. तो म्हणाला, ‘‘माझ्या घरात दलाल रवाचो नाय,’’ आणि फोन ठेवला. विनयही बापाचाच. तो दर चतुर्थीला यायचा, बायकोला आणि छोट्या लेकीला, ओवीला, घेऊन. घरच्या गणपतीसमोर आरतीला उभा राहायचा, प्रसाद घ्यायचा, आणि माझ्या खानावळीला जोडलेल्या लॉजच्या खोलीत झोपायला यायचा. कोकणात चतुर्थीला मुंबईचा माणूस गाडीच्या छपराला लोंबकळून का होईना, घरी पोचतो, आणि इथे पोरगा घरापासून हाकेच्या अंतरावर परक्याच्या गादीवर! सुलोचनावैनी मला डब्यातून मोदक पाठवायच्या, ‘‘भावजी, तुमच्यासाठी’’ म्हणून. मोदक कोणासाठी ते मला माहीत होतं. मोतीदालाही माहीत होतं. पण तो डब्याकडे बघायचा नाही... त्या एका बाबतीत त्याला तपासणी नको असायची.

अशाच एका चतुर्थीनंतर, पुण्याला निघताना विनयने माझ्या हातात बोटभर लांबीचा पेन ड्राइव्ह ठेवला. ‘‘गजाकाका, ह्यात लिनक्स आसा, दुसरी सिस्टिम. बाबांच्या मशीनीक लावून चालू करूक सांगा. आतला काय्येक बिघडाचा नाय. पटला तर कायमचा बसवता येता, नाय पटला तर काढून टाका.’’ मी म्हटलं, ‘‘तूच दी.’’ तो म्हणाला, ‘‘मी दिलंय तर समुद्रात टाकतीत.’’ मी मोतीदाकडे गेलो आणि खरं तेच सांगितलं, विनयने दिलाय. त्याने ती वस्तू दोन बोटांत, कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, नांगी धरावी तशी धरली. मग आत गेला, पाटावर ठेवली, तिच्यावर पितळेचं पातेलं पालथं घातलं आणि पातेल्यावर वरवंटा ठेवला. ‘‘ह्या कितक्याक पडला तेका?’’ ‘‘फुकट. ती सिस्टिम फुकटच आसता. जगभरचे लोक मिळून करतत आणि वाटतत.’’ मोतीदा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्या नजरेत दया होती. तो माझी कीव करत होता. ‘‘गजा, माशाक फुकट जेवण कोण घालता, म्हायत आसा?’’ ‘‘कोण?’’ ‘‘गळ टाकणारो.’’

तरीही त्याला चैन पडेना. पातेल्याखाली कुर्ली असली की माणूस एकदा तरी उचलून बघतोच. काही दिवसांनी दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर तो माझ्या खानावळीत आला आणि म्हणाला, ‘‘आधी तुझ्या मशीनीर लावया.’’ राजे लोक जेवण आधी मांजराला घालायचे तसा हा प्रकार. पाहुण्यांच्या बुकिंगसाठी मी बऱ्यापैकी नवं मशीन घेतलं होतं, ते मांजर. मी पेन ड्राइव्ह खोचला, मशीन बंद करून चालू केलं आणि विनयने सांगितलेलं बटण दाबत राहिलो. पडद्यावर यादी आली, तीत पेन ड्राइव्ह निवडला. काळ्या पडद्यावर अक्षरांचा असा पाऊस पडला की मोतीदा मागे सरला. मग एकदम सगळं शांत होऊन स्वच्छ, मोकळा पडदा उभा राहिला. ना बायका, ना चोर म्हणणारी पाटी. मोतीदा उठला, मॉनिटरच्या मागे जाऊन बघून आला. ‘‘तुझी जुनी सिस्टिम खंय गेली?’’ ‘‘थंयच आसा, डिस्कात. ही पेन ड्राइव्हातसून चलता, तिका हात लावणा नाय.’’ पडद्यावर एका कोपऱ्यात ‘इन्स्टॉल’ असं लिहिलेलं चित्र होतं. त्याकडे बोट करून तो म्हणाला, ‘‘ह्या दाराक हात लावचो नाय. ह्या आत घुसूचा दार.’’ थोडा वेळ त्याने आंब्याचे जुने भाव बघितले, लिहिण्याचं पान उघडून स्वतःचं नाव टाइप केलं, मग म्हणाला, काढ. मी सगळं बंद केलं, पेन ड्राइव्ह उपसला, मशीन पुन्हा लावलं. माझी जुनी सिस्टिम जशीच्या तशी. त्याने टाइप केलेल्या नावाचा मागमूस नाही. ‘‘काय्येक ठेवन गेला नाय?’’ तो हळूच म्हणाला. ‘‘नाय.’’ ‘‘काय घेवन?’’ ‘‘नाय.’’ घरी येऊन जेवावं, आपलं ताट आपण घासावं आणि पावलाची मातीसुद्धा मागे न ठेवता जावं, असा पाहुणा त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. त्यामुळे संशय दुप्पट झाला. ‘‘इतको सज्जन कोण आसता रे?’’

मग जे सुरू झालं ते मालवण अजून विसरलेलं नाही. मोतीदाने पेन ड्राइव्ह काळ्या गोफात ओवून गळ्यात घातला आणि दिसेल त्या कॉम्प्युटरला लावून बघायला लागला. नेटच्या दुकानात लावला, तिथून हाकलला गेला. एका पतपेढीत ‘जरा बघतंय’ म्हणून टेबलाच्या पलीकडे गेला, तिथला शिपाई मोतीदाला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. मुंबईवरच्या हल्ल्यानंतरच्या त्या दिवसांत किनाऱ्यावर अनोळखी होडीकडे, अनोळखी पिशवीकडे, अनोळखी माणसाकडे सगळेच डोळे बारीक करून बघत होते. बंदरावर एका हवालदाराने त्याला थांबवून विचारलं, ‘‘गळ्यात काय आहे?’’ मोतीदा म्हणाला, ‘‘माझा कॉम्प्युटर.’’ ‘‘कुठे आहे कॉम्प्युटर?’’ ‘‘जिथे लावीन तिथे.’’ अधिकाऱ्यांशी तो शुद्ध बोलायचा, आणि शुद्ध बोलला की जास्तच संशयास्पद वाटायचा. मला जाऊन सोडवून आणावं लागलं. परत येताना त्याने तक्रार काय केली असेल? ‘‘नीट झडती घेतल्यान नाय गजा. उजवो खिसो बघलोच नाय. अशान देश कसो रवतलो?’’

शेवटी त्याने स्वतःच्या मशीनवरचा टॉवेल काढला आणि तिथे ती सिस्टिम चालवायला लागला. पण पेन ड्राइव्हवरूनच. सकाळी खोचायचा, काम करायचा, संध्याकाळी उपसून गळ्यात. इन्स्टॉलचं नाव काढलं की कानावर हात. फोनवर विनय मला सांगायचा, मी ते मोतीदाला सांगायचो. दोघांमधला निरोप्या झालो होतो मी. विनयने निरोप दिला, की बाबांना सांगा, ह्या सिस्टिमच्या आत काय लिहिलंय ते सगळं उघडं असतं, कोणीही वाचू शकतं. मोतीदाने लगेच पकडलं, ‘‘मगे कोणी वाचल्यान? तू वाचलंस?’’ ‘‘नाय.’’ ‘‘विनयान?’’ ‘‘सगळा नसात वाचूक.’’ ‘‘मगे मी वाचतंय.’’ आणि खरोखर वाचायला बसला हो! नेटवरून तो मजकूर उघडायचा आणि श्रावणातली पोथी वाचावी तसा, बोट पडद्यावर ठेवून ओळ न् ओळ. कंस, ठिपके, उलटेसुलटे इंग्रजी... डोळ्यांतून पाणी यायचं. वैनी म्हणायच्या, ‘‘येक अक्षर तरी कळता?’’ एक दिवस मीही तेच विचारलं. त्याने चष्मा काढला, पुसला. ‘‘कळणा नाय रे. पण लपवल्यानी नाय, ह्या कळता.’’

ते वाक्य त्याने सिस्टिमबद्दलच म्हटलं होतं. माझी नजर मात्र वैनींकडे गेली, आणि वैनी एकदम उठून चुलीकडे गेल्या.

वैनी विनयशी अधूनमधून गुपचूप बोलायच्या, हे मला माहीत होतं. त्यांनीच पुण्याला कळवलं असणार, की म्हातारा गळ्यात तुझी वस्तू घालून फिरतोय. कारण एक दिवस मोतीदाच्या ईमेलवर एक चित्र आलं. ओवीने पुण्यात बसून, त्याच सिस्टिमवरच्या रंगाच्या खेळात काढलेलं. होडी, होडीत आजोबा, आजोबांच्या गळ्यात काळ्या दोरीला लाल चौकोन, आणि होडीपेक्षा मोठा मासा, तोही हसणारा. मोतीदाने चित्र मोठं करून करून तपासलं. ‘‘हाताक सहा बोटां कित्याक?’’ ‘‘पोर ती, मोतीदा.’’ ‘‘आणि मासो हसता कसो? गळाक लागलेलो मासो हसता?’’ वैनी म्हणाल्या, ‘‘गळ खंय आसा थंय? नीट बघा.’’ त्याने पुन्हा पाहिलं. खरंच गळ नव्हता. आजोबा होडीतून माशाला नुसता हात करत होते.  चित्र मोतीदाने समोरच्या पडद्यावर जपून ठेवलं, आणि मग आपल्या स्वभावाला धरून ईमेल पुसून टाकला, कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसला. दुसऱ्याच्या दारात आपली वस्तू कशाला ठेवायची, हे त्याचं म्हणणं. संध्याकाळी मशीन बंद करून पेन ड्राइव्ह गळ्यात घातला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या खानावळीत आला तो पायात चपला नसताना. मी माशांना मीठ-मसाला लावत होतो. ‘‘तू काडलंस?’’ ‘‘काय?’’ ‘‘चित्र. काल थंय होता, आज नाय.’’ पाहुणे ताटावरून बघायला लागले. मी हात धुतले आणि समजावलं, की बाबा रे, पेन ड्राइव्हवरून नुसती चालवलेली सिस्टिम काही धरून ठेवत नाही, बंद केलीस की विसरते. तू तिला अजून घरात घेतलेलंच नाहीस, मग ती तुझी वस्तू ठेवणार कुठे? हाच गुण तुला आवडला होता ना, काय्येक ठेवन जाणा नाय म्हणून? तो बाकावर बसला. मोतीदाला मी वादळात पाहिलंय, हवालदारासमोर पाहिलंय, पण असा चपट झालेला कधी नव्हता पाहिला. ‘‘तुझ्याकडे आसात मां येकादी प्रत?’’ ‘‘माझ्याकडे खंयसून? आसली तर विनयाकडे.’’

समोर भिंतीवर माझा फोन होता. तो फोनकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. खानावळीत कोणी घास चावत नव्हतं. मालवणच्या इतिहासात सोलकढी इतकी थंड कधी झाली नसेल. शेवटी तो उठला, आकडे फिरवले. पाठ आमच्याकडे. ‘‘हालो... होय, मीच... बरो आसंय... तुझी आवस पण बरी... ता चित्र गेला... कसा गेला ता तुका म्हायत आसा.’’ मग तो बराच वेळ नुसता ऐकत होता. ‘‘नाय नाय, पाठवू नको. परत जातला.’’  मोतीदाने रिसीव्हरची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. ‘‘मगे तू येवन बसव.’’ आणि फोन ठेवून, कोणाकडेही न बघता, अनवाणीच निघून गेला.

इथे मला माझा एक संशय नोंदवायचाय, कारण तो अजून गेलेला नाही. इतके महिने रोज ती सिस्टिम चालवणारा माणूस, स्वतःचं टाइप केलेलं नाव पहिल्याच दिवशी नाहीसं झालेलं पाहिलेला माणूस... त्याला खरंच माहीत नव्हतं चित्र जाणार म्हणून? जगातल्या सगळ्या बंदरांवर फसून आलेला गडी एवढ्याशाने फसला? मी त्याला एकदा विचारलंही. तो म्हणाला, ‘‘तुका काय वाटता?’’ आणि हसला, त्या चित्रातल्या माशासारखा.

विनय यायच्या आधी मोतीदाने देवळात कौल लावला. आमच्याकडे घर बांधायचं, होडी लोटायची, मुलगी द्यायची, देवाला विचारल्याशिवाय हलत नाही. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न घालतो, आणि उजवी पाकळी पडली तर देवाची परवानगी. गुरवाने विचारलं, ‘‘प्रश्न काय घालू?’’ मोतीदा म्हणाला, ‘‘मशीनीत नवीन सिस्टिम बसवची काय?’’ गुरवाने देवासमोर हात जोडून ते जसंच्या तसं सांगितलं. देवाच्या कानावर यापूर्वी बैल, विहीर, सोयरीक सगळं गेलं असेल, हे नवीन होतं. पाकळ्या ढिम्म. मोतीदाने माझ्या कानात विचारलं, ‘‘उजवी ज्यास्त वली तर नाय केल्यान?’’ तेवढ्यात उजवी पडली. मोतीदाने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा गुरव म्हणाला, ‘‘मोतीदा, देवाक पण राग येता हां.’’

विनय एकटाच आला, पिशवी माझ्या लॉजवर टाकून बापाकडे गेला. मीही मागोमाग, असा प्रसंग सोडला असता तर आमच्या कुळाला बट्टा लागला असता. मशीनसमोर उदबत्ती, नारळ, आणि गाऱ्हाणं घालायला मी. ‘‘बा देवा म्हाराजा! ह्या मशीनीत जो कोण खोटो शिरलेलो आसात तेका भायर काड रे म्हाराजा!’’ वैनी, विनय आणि मोतीदा एका सुरात, ‘‘व्हय म्हाराजा!’’ ‘‘बापलेकाच्या मधी जो कोण संशय घालून बसलेलो आसात, तेची वाट तेका दाखय रे म्हाराजा!’’ यावर वैनींचं ‘व्हय म्हाराजा’ एकट्यांचंच आणि इतकं मोठ्याने आलं, की दोघेही खाली बघायला लागले. नारळाचं पाणी कीबोर्डवर सांडता सांडता वाचलं.

विनयने इन्स्टॉल उघडलं. मशीनने विचारलं, जुनी सिस्टिम बाजूला ठेवून नवी बसवू, की सगळं पुसून? ‘‘बाबा, जुनी ठेवता येता. व्हयी तर तुमी दोनय वापरा.’’ मोतीदा म्हणाला, ‘‘जुना सगळा पूस.’’ ‘‘परत मिळाचा नाय हां.’’ ‘‘ठावक आसा. पूस.’’ विनयचं बोट थोडा वेळ अधांतरी राहिलं, मग त्याने बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी पुढे सरकायला लागली आणि आम्ही चौघे तिच्याकडे, गळ टाकून गरवायला बसल्यासारखे, न हलता बघत राहिलो. पट्टी सुरू होण्याआधी मशीनने नाव विचारलं होतं, मोतीदाने स्वतः एका बोटाने टाइप केलं होतं. मग पासवर्ड विचारला होता. तेव्हा विनयने खुर्ची सरकवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

‘‘खंय बघतंस?’’ मोतीदाने विचारलं.

‘‘तुमी पासवर्ड घाला. मी बघूचंय नाय.’’

‘‘तूच घाल.’’

‘‘मगे तुमका उघडूक कसा येतला?’’

‘‘तू आसंस मां हयसर.’’

‘‘बाबा, मी परवा जातलंय.’’

‘‘मगे परवा सांग.’’

विनय वळला. बापाने चष्मा काढून पुसायला घेतला होता, जो आधीच स्वच्छ होता. विनयने काहीतरी टाइप केलं. वैनी मला म्हणाल्या, ‘‘भावजी, तेची पिशवी तेवडी तुमच्याकडसून धाडून देवा.’’ मी एका खोलीचं भाडं कायमचं गमावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा धंद्यातल्या नुकसानीला पेढे वाटावेसे वाटले.

काम संपल्यावर मशीनने सांगितलं, पेन ड्राइव्ह काढा. मोतीदाने तो स्वतःच्या हाताने काढला आणि मशीन आपलं आपण उभं राहिलं. ओवीचं चित्र विनयने आणलंच होतं. ते त्याने पडद्यावर, सगळ्यांत मागे, भिंतीवर तसबीर लावावी तसं लावलं. परवाचा तेरवा झाला, विनयचं जाणं आठवडाभर लांबलं. बापलेक एकदा धामापूरच्या तळ्यावर जाऊन बसले, असंही कानावर आलं. काय बोलले ते मला कोणी सांगितलं नाही. जागेचा विषय पुन्हा निघाला की नाही, तेही ठाऊक नाही. पुढच्या चतुर्थीला माझी खोली रिकामी होती आणि त्यांच्या घरातून ओवीच्या किंकाळ्या माझ्या खानावळीपर्यंत येत होत्या.

एकच गोष्ट मला खटकत राहिली. मी रोज दुपारी मोतीदाकडे जायचो. तो मशीन सुरू करायचा, पासवर्डची वेळ आली की मला म्हणायचा, ‘‘गजा, तकडे बघ.’’ मी भिंतीकडे तोंड करायचो. सगळ्या जगाचा संशय सोडला याने आणि एका माझा धरला! मी चिडून कधी कधी म्हणायचो, जातो मी, उघड तुझं भांडार. तो म्हणायचा, ‘‘उद्या ये, सांगतंय.’’ उद्या गेलो की पुन्हा भिंत. मी अंदाज लावायचो, बायकोचं नाव, बोटीचं नाव, माशाचं नाव. तो दर वेळी मान हलवायचा आणि चहा मागवायचा. असं करत करत तो गेला.

कार्य झाल्यावर विनय पुण्याला गेला. मग एका दुपारी मी वैनींकडे गेलो, त्या पुण्याच्या ओवीला पडद्यावर बघायला मशीन सुरू करत होत्या. त्यांची बोटं कीबोर्डवर आली आणि मी सवयीने भिंतीकडे वळलो. वैनी म्हणाल्या, ‘‘ह्या काय भावजी? बघा खुशाल. पासवर्ड सगळ्या वाडयेक म्हायत आसा. पोस्टमनाक सांगल्यानी, गुरवाक सांगल्यानी, सावित्रीक पण सांगल्यानी.’’ मी गर्रकन वळलो. ‘‘आणि माका?’’ वैनींनी बोटं कीबोर्डवरून काढली. ‘‘मी येकदा इचारलंय तेंका. म्हणाले, गजाक सांगलंय तर तेका रोज येवक कारण काय रवतला?’’

...वैनी सांगायला लागल्या होत्या. मी हात वर करून थांबवलं. ‘‘सांगू नको वैनी. उद्या येतंय.’’ तेव्हापासून रोज जेवणाची गर्दी ओसरली की मी खानावळीला कडी घालतो आणि तिकडे जातो. वैनी मशीन लावतात. मी मोतीदाच्या खुर्चीशेजारी, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. पाठीमागे बटणं वाजतात. त्यांच्या आवाजावरून आता मला बराचसा अंदाज आलाय. पण अंदाजावर कोण विश्वास ठेवतो!